चालेल म्हणणारी बाई

माझ्या डोक्यात लिंबाएवढी गाठ होती तेव्हा मी फार चांगली बाई होते. कोणालाही विचारा.

हे मी दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक, ज्यांचं डोकं उघडायचं ठरलंय ते. दुसरे, ज्यांच्या घरातलं खवट माणूस अचानक गोड झालंय ते. दुसऱ्यांनी आधी वाचावं, त्यांना घाई आहे.

आधीची मी

मी वंदना. वय बावन्न, राहणार मुलुंड. साकीनाक्याच्या एका गाळ्यात स्टीलचे डबे बनतात, तिथे मी तपासणीला आहे. झाकण घट्ट बसतंय का, कडा हाताला लागतेय का, तळ सपाट आहे का, हे बघायचं आणि वाईट डबा बाजूला काढायचा. थोडक्यात, बावीस वर्षं मी ‘नाही’ म्हणायचा पगार घेतेय. घरी तेच काम फुकट करते.

माझा नवरा मोहन एका वाचनालयात काम करतो. दिवसभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसतो आणि स्वतःही पाळतो. मुलगी ऋतुजा सव्वीस वर्षांची, तोंडाने माझ्यावर गेलेली. सासरी माझं नाव ‘फटकळ वहिनी’. ते मला लागायचं, पण खोटं आहे असं मी कधी म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र अशी होती जिथे माझ्या या जिभेला मान होता. माझं माहेर विक्रोळीच्या चाळीत. सगळी कोकणातली माणसं. दर सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची पूजा असते आणि पूजेनंतर गाऱ्हाणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सगळ्यांच्या वतीने एकाने देवासमोर उभं राहायचं आणि कोणाला काय हवंय, काय अडलंय ते मोठ्या आवाजात, देवाला जराही न सोडता मागायचं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे काम माझ्या बाबांचं. ते गेल्यावर कळलं की ते सगळं शेवटपर्यंत फक्त मलाच येतं, कारण लहानपणापासून मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं का, यावर थोडी कुजबुज झाली. तेव्हा चाळीतले सर्वांत जुने बाबलकाका म्हणाले, “येता कोणाक? नाय ना? मगे हिका बोलूदे.”

तेव्हापासून नऊ वर्षं मी देवाला धारेवर धरत आले.

चालेल

सुरुवात नाकापासून झाली. दूध उतू जाऊन पातेलं करपलं तरी मला पत्ता नाही. माहुलला मोहनच्या मित्राकडे जेवायला गेलो. तिथल्या कारखान्यांच्या वासाने दरवेळी मी नाकाला पदर लावून आणि तोंडाने सरकारचा उद्धार करत जाते. त्या दिवशी गप्प चालत गेले. मोहन मित्राला म्हणाला, “हवा सुधारली वाटतं तुमच्याकडची.”

मग हळूहळू मी ‘चालेल’ म्हणायला लागले. भाजीत मीठ नाही? चालेल. मोहनने ओला टॉवेल पलंगावर टाकला? चालेल. ऋतुजाने अर्धे केस जांभळे करून आणले आणि दारातच दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडायच्या तयारीत उभी राहिली. मी म्हटलं, “छान दिसतायत.” ती बिचारी तशीच उभी राहिली. भांडणाची सगळी वाक्यं पाठ करून आली होती, ती वाया गेली.

कामावर माझी खराब डब्यांची पेटी रिकामी राहू लागली. शेठने सगळ्यांसमोर मला पेढा दिला. म्हणाले, “बघा, आपला माल किती सुधारला.” माल कुठला सुधारतोय! न बसणारी झाकणं मी हाताने दाबून पुढे सरकवत होते.

आतून कसं वाटायचं, असं लोक विचारतात. खरं सांगते, वाईट वाटत नव्हतं. चांगलंही नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून बसल्यासारखं वाटायचं. पडदे तिरके असले तर असूदेत, आपल्याला काय करायचंय. राग येत नव्हता कारण काहीच हवंसं वाटत नव्हतं. माझं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

जाणकारांची मतं

माझे दीर अरविंद भाऊजी बोरिवलीला राहतात आणि रिटायर झाल्यापासून वेदान्ताच्या वर्गाला जातात. त्यांनी मला एका लग्नात पाहिलं. जेवणाची पंगत दीड तास उशिरा लागली आणि मी हूं की चूं केलं नाही. भाऊजी भारावले. म्हणाले, “वहिनी, मी सात वर्षं झगडतोय, तुम्ही न शिकता पोचलात. अहंकार गळून पडलाय तुमचा. हाच साक्षीभाव!” पुढच्या रविवारी ते वर्गातल्या तिघांना माझं दर्शन घ्यायला घेऊन आले. मी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली होती. चौघांनी तो प्रसादासारखा प्यायला.

ऋतुजाला ते पटेना. ती मला घाटकोपरला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. बाई मायाळू होत्या. त्यांना वाटलं, मी आयुष्यभर रागाचं चिलखत घालून फिरले आणि आता ते उतरवून ठेवलंय. त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर ‘मी’ने सुरू होणारी वीस वाक्यं लिहायची. मी लिहिलं: मी वंदना. मी मुलुंडला राहते. मी ठीक आहे. मग बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी लिहिलं: मी निघू का?

बाई म्हणाल्या, “किती स्वीकार आहे यांच्यात.”

ऋतुजा मात्र रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली होती. का ते तेव्हा मी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारी

पूजा झाली. चाळीच्या चौकात सगळे जमले. दरवर्षीप्रमाणे बायकांनी मागण्यांची चिठ्ठी माझ्या हातात दिली. चालेल म्हणायला लागून दोन वर्षं होत आली होती; आदल्या वर्षीची चिठ्ठी मी पाठ म्हटल्यासारखी वाचून टाकली होती. पाण्याचा पाइप, कोणाच्या पोरीचं लग्न, कोणाची दहावी, कोणाचा गुडघा. मी नारळ हातात घेऊन उभी राहिले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझी लेकरा हय तुझ्या पायाशी जमली हत.”

“व्हय म्हाराजा!”

आता मागायचं. मी चिठ्ठी वाचली. पाइप. लग्न. गुडघा. यातलं काही देवाकडे का मागायचं, ते मला कळेना. झालं तर झालं, नाही झालं तर नाही.

मी म्हटलं, “तुका जा काय बरा दिसात ता कर. चालात.”

सवयीने सगळे एकसुरात ओरडले, “व्हय म्हाराजा!” आणि मग कोणालाच पुढे काय करायचं सुचेना. मागून एक बाई म्हणाली, “अगो, माझ्या चेडवाचा लगीन?” मी नारळ खाली ठेवून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

सासरच्यांना मी सुधारलेली वाटत होते, भाऊजींना मी मुक्त वाटत होते, समुपदेशक बाईंना मी मोकळी वाटत होते. त्र्याऐंशी वर्षांचे, चौथीपर्यंत शिकलेले बाबलकाका काठी टेकत मोहनकडे आले आणि म्हणाले, “जावयबापू, ह्या गाराणा न्हय. हिच्या बापाशीन देवाक कधी सोडल्यान नाय. आणि ही म्हणता चालात? बाय बरी नाय. तिका डाक्टराक दाखवा.”

फोटो

दहा दिवसांत मुलुंडच्या एका हॉस्पिटलात माझ्या डोक्याचा फोटो पडद्यावर लागला. डॉक्टर तरुण होते. पेनाने दाखवत म्हणाले, “ही गाठ. कॅन्सरची नाही. पण मेंदूच्या पुढच्या भागाला दाबतेय. नाकाची नस इथून जाते. आणि आपल्याला काय हवं, काय नको, कशाचा राग येतो, कशासाठी धडपडावंसं वाटतं, ते बरंचसं याच भागाच्या जोरावर चालतं. तो भाग दबला की माणूस असा शांत होतो.”

मोहन खुर्चीवर मागे टेकला. ऋतुजा रडायला लागली. मी पडद्याकडे बघून म्हटलं, “केवढी गोल आहे.”

डॉक्टरांनी सांगितलं की डोकं उघडून ती काढावी लागेल. मी म्हटलं, “चालेल.” तेव्हा मोहन पहिल्यांदा डॉक्टरांसमोर मोठ्याने बोलला. “ऐकलंत? हेच. हेच म्हणते ती.”

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. मला तो कुठून सुचला माहीत नाही, कारण त्या दिवसांत मी प्रश्न विचारत नसे. “मग ही दोन वर्षं मी होते की गाठ होती?”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, “ते आमच्या खात्यात येत नाही. मी गाठ काढतो.”

हे मला आवडलं. बाकी सगळ्यांनी न विचारता उत्तर दिलं होतं.

हॉस्पिटल

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. केस सगळे काढत नाहीत, पुढची पट्टीच काढतात. राहिलेल्या केसांची वेणी घालून घ्या, नाहीतर नंतर गुंता सुटत नाही. माझी वेणी वॉर्डातल्या मावशींनी घातली. त्यांना ते काम सांगितलेलं नव्हतं. त्या वेणी घालताना त्यांच्या सुनेची तक्रार करत होत्या आणि मला तेवढाच वेळ घरी असल्यासारखं वाटलं. ऑपरेशनआधी औषधांनी डोक्यातली सूज उतरते, तेव्हा माणूस थोडं जागं होतं. मी झाले, आणि तिथेच घोळ झाला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भेटीच्या वेळेत मी डोळे मिटून पडले होते. मोहन आणि ऋतुजा खिडकीशी बसले होते. ऋतुजा म्हणाली, “बाबा, एक खरं सांगू? ही दोन वर्षं घरात किती शांतता होती ना.”

मोहन म्हणाला, “हं.”

तेवढ्यात नर्स आली आणि त्यांना बाहेर घालवलं.

दोन वर्षांत मला काही लागलं नव्हतं. ते ‘हं’ लागलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मला मरायची भीती होतीच, पण त्या दुपारी वेगळीच भीती वाटली. उद्या मी वाचले, आणि होते तशी परत आले, तर या दोघांना ती मी हवी आहे का? भाऊजी आणि समुपदेशक बाई दोघांनी ‘मी म्हणजे काय’ ते आपापल्या परीने सांगितलं होतं, डॉक्टरांनी ते खात्याबाहेर ठेवलं होतं. पण मी कोणाला हवी आहे, हे कोणाच्याच वर्गात शिकवत नाहीत.

सोंग

गाठ पूर्ण निघाली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी नाव विचारलं, वार विचारला. मी बरोबर सांगितलं. तेव्हाच मला दिसलं की त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात आहे. ते मला सहन होईना. म्हणजे मी परत आले होते, पूर्ण, काठोकाठ!

मी काही बोलले नाही. आदल्या दुपारी मी ठरवलं होतं की यांना शांतता आवडली ना, मग मी शांत राहीन. पहिल्या वंदनाचं कोणी नावही काढणार नाही.

घरी आले. पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात कठीण होते, ऑपरेशन त्यापुढे काहीच नाही. मोहनने चहा आणला, त्यात आलं नाही. मी म्हटलं, “चालेल.” त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, दमला असेल. दुसऱ्या दिवशी ओला टॉवेल पलंगावर. “चालेल.” तिसऱ्या दिवशी ओला टॉवेल माझ्या उशीवर. मी जीभ दातांत धरली आणि टॉवेल वाळत घातला. मग तर ताळतंत्रच सुटलं. पोळ्यांच्या डब्याला मसाल्याच्या डब्याचं झाकण. घड्याळ वीस मिनिटं मागे. देवाचा फोटो तिरका. ऋतुजा भांडी अशी घासायची की उष्टीच वाटावीत. मी मनात म्हणायचे, मी दोन वर्षं लक्ष दिलं नाही तर काय वाट लावलीय या दोघांनी घराची!

बाथरूमचा नळ सोडून, टॉवेल तोंडात धरून मी दोघांना शिव्या घालायचे. मग बाहेर येऊन हसायचे.

भाऊजी भेटायला आले. माझी शांती पाहून मोहनला म्हणाले, “बघ, मी म्हटलं होतं ना, गाठीचा काही संबंध नव्हता. ही मूळचीच अवस्था.” मोहनने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. असं तो आयुष्यात पहिल्यांदा वागला.

नवस

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मोहन म्हणाला, “विक्रोळीला जायचंय. माझा एक नवस आहे.” मोहन आणि नवस! हा माणूस देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबतो.

चाळीत चाळीसेक माणसं जमली होती. बाबलकाका खुर्चीवर बसले होते. नवस फेडतानाही गाऱ्हाणं घालावं लागतं आणि ते मीच घालायचं होतं. नारळ माझ्या हातात दिला. मी आधीच ठरवलं होतं, दोन ओळींत आटपायचं आणि ‘चालात’ म्हणून मोकळं व्हायचं.

पण रीत अशी की नवस कोणाचा आणि कशासाठी, ते आधी सगळ्यांसमोर सांगावं लागतं. बाबलकाकांनी विचारलं, “जावयबापू, काय बोललेलास?”

मोहन घसा खाकरत म्हणाला, “तिला आत नेलं तेव्हा बोललो. म्हटलं, हिची जीभ होती तशी परत दे.”

बाबलकाका खुर्चीत पुढे सरकले.

“आणि गावली?” काकांनी विचारलं.

“नाही,” मोहन म्हणाला. “दोन महिने सगळं करून पाहिलं. टॉवेल टाकला, चहा बिघडवला, घड्याळ मागे केलं. काही उपयोग नाही. पण बाई वाचली. तेवढ्यासाठी नारळ देऊन टाकू.” आणि त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. टॉवेल. चहा. घड्याळ! माझ्या पायापासून काहीतरी वर चढत गेलं. ते प्रेम होतं की संताप, हे त्या डॉक्टरांनाही फोटोत दाखवता आलं नसतं.

“बा देवा म्हाराजा!” मी ओरडले. समोरच्या जिन्यावर बसलेलं मांजर पळालं.

“व्हय म्हाराजा!”

“ह्या माणसान माका दोन म्हयने बिनआल्याचो चाय पाजल्यान!”

“व्हय म्हाराजा!”

“माझ्या उशीर ओलो टॉवेल टाकल्यान! माका सरळ इचारूक काय ह्येचा तोंड शिवललां?”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ही माझी चेडू! आवस मराक टेकली आणि ही म्हणता घरात शांतता बरी!”

“व्हय म्हाराजा!” यात ऋतुजाचाही आवाज होता. ती हसत होती आणि तिचे जांभळे केस डोळ्यांच्या पाण्याने गालाला चिकटले होते.

मग मी देवाकडे वळले. “आणि तू रे म्हाराजा! दोन वर्सा माझ्या डोक्यात लिंबू ठेवन तू खय बसललंस?”

याला ‘व्हय’ म्हणावं की नाही, कोणाला कळेना. मग बाबलकाकांनी काठी आपटली. “व्हय म्हाराजा!” आणि सगळा चौक दणाणला. त्यात सगळ्यात मोठा आवाज ‘शांतता राखा’वाल्या माणसाचा होता.

मग मी कोणालाच सोडलं नाही. जानेवारीचा राहिलेला पाइप, लग्न, दहावी, गुडघा, सगळं मागितलं. पाऊण तास चाललं. प्रसादाचा शिरा थंड झाला, त्यावरही बोलले.

आता

परतताना रिक्षात ऋतुजाला विचारलं, “मग शांतता आवडली होती की नाही?” ती म्हणाली, “आवडली होती गं. पहिले सहा महिने. मग भीती वाटायला लागली. हॉस्पिटलमध्ये पुढे तेच सांगणार होते, तर नर्सने हाकललं.”

मोहन म्हणाला, “मी दिवसभर शांततेतच बसतो. घरी कशाला पाहिजे?”

नाक परत आलेलं नाही, येणारही नाही म्हणतात. दूध मी आता डोळ्यांनी सांभाळते. म्हणजे होते तशीच परत आले असं नाही. कधी कधी, चिडून दमले की, ती चालेल म्हणणारी बाई आठवते. वाईट नव्हती बिचारी. पण तिला कोणाचं काही नकोच होतं, आणि ज्याला काही नको त्याच्याजवळ कोणी बसावं तरी कसं. समुपदेशक बाईंचा वीस वाक्यांचा कागद मी परत लिहायला घेतला होता. सतरा वाक्यं तक्रारीची झाली. जागा संपली म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

साकीनाक्याला पहिल्याच दिवशी चौऱ्याहत्तर डबे बाजूला काढले. शेठने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी पेढा दिला.

तुमच्या घरातलं फटकळ माणूस गोड झालं असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या, आरती नंतर ओवाळा. आणि त्याची जीभ तुम्हाला आवडत असेल तर ते त्याला वेळेवर सांगा. टॉवेल टाकत बसू नका.

विक्रोळीहून घरी आलो त्या दुपारी मोहनने चहा केला. आलं ठेचल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. त्याने कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसून राहिला. मी एक घोट घेतला.

“साखर जास्त झालीय,” मी म्हटलं.

मोहन म्हणाला, “व्हय म्हाराजा.”